तिसरं रीडिंग

"शैले, हिच्या पायाला जरा हात लावून बघ."

यमुना असं म्हणाली तेव्हा तीन वाजायला पाच-सात मिनिटं होती. वेळ मला पक्की आठवते, कारण तीनची नाडी-ताप घ्यायची म्हणून मी घड्याळाकडेच डोळे लावून बसले होते. आमचा बाळंतिणींचा वॉर्ड, सात नंबरची खाट. खाटेवर भागीरथी, वीस-एकवीस वर्षांची पोर. सकाळी नऊला तिचं सिझर झालं होतं, मुलगी झाली होती. मी हात लावला. मे महिना होता, वरचा पंखा नुसता नावाला फिरत होता, आम्हा सगळ्यांच्या पाठीला फ्रॉक चिकटले होते आणि त्या पोरीचे पाय माठाला हात लावावा तसे गार होते.

"मघापासनं पाणी पाणी करतीया," यमुना म्हणाली. "डोकं एका जागी ठरंना तिचं. दोनला नाडी अठ्ठ्याऐंशी हुती, आता एकशे चार हाय."

"बीपी?"

"एकशे दहा-सत्तर. ते काय हलंना."

हे तिनं मला का सांगावं, तेवढं आधी सांगते. आम्ही दोघी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वॉर्डच्या स्टाफ नर्स होत्या मोकाशी सिस्टर. कामाला चोख, पण जिभेला हाड नाही. आदल्याच आठवड्यात यमुनेनं एका बाईचं काहीतरी बिनसलंय म्हणून डॉक्टरांना जेवणावरून उठवलं होतं आणि त्या बाईला निघाला नुसता गॅस. त्या दिवशी मोकाशी सिस्टरांनी सगळ्या वॉर्डसमोर फतवा काढला. यमुना गावडेनं यापुढे त्यांच्याकडे थेट यायचं नाही, आधी ग्रुप लीडरला दाखवायचं आणि लीडरला वाटलं तरच पुढे. लीडर कोण? मी, शैलजा कुलथे. वर्गात पहिली, अक्षर मोत्यासारखं, टोपीला रोज कडक खळ. माझा तोरा काय सांगावा!

आणि यमुना? मेंढरांमागनं आलेली पोर. पहिल्या वर्षी रोगशास्त्रात नापास झालेली, इंग्रजी शब्द वाचताना ओठ हलवणारी. माझ्या खिजगणतीतही नव्हती ती. पण वॉर्डात आलो आणि चित्र फिरलं. बायका सुई टोचायला तिलाच बोलवायच्या, त्या सावळ्या बाईला पाठवा म्हणायच्या. मी ट्रे घेऊन उभी आणि पेशंट माझ्या खांद्यावरून तिला शोधतेय, असं किती वेळा झालं. मागच्या महिन्यात तर एका लहान मुलाचा श्वास बिघडलाय हे सगळ्यांच्या आधी तिला कळलं. ताप नाही, खोकला नाही, पण छातीखाली खळगा पडतोय म्हणाली. खरं निघालं. बाकी आम्ही सगळ्या श्वासाच्या रकान्यात न मोजता वीस लिहून मोकळ्या व्हायचो, आजही लिहिणाऱ्या लिहितात. ही मात्र एप्रनला टाचलेलं घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट उभी राहायची, आणि तिच्यामुळे आमची राउंड लांबायची.

मला ते खुपायचं. स्पष्टच सांगते, माझा जळफळाट व्हायचा. आमच्या सिस्टर ट्यूटर होत्या डिमेलो सिस्टर, वसईच्या. ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या शिकवायच्या 'का' विचारून. पायाला सूज आली. का? पाणी साचलं. का साचलं? असं विचारत विचारत पार हृदयापर्यंत नेऊन सोडायच्या. त्या 'का'ची उत्तरं वर्गात देणारी मी एकटी होते आणि त्यांनी मान डोलावली की माझा दिवस सोन्याचा जायचा. दरवर्षी एका मुलीला ढाल मिळायची, उत्कृष्ट विद्यार्थिनी परिचारिका म्हणून. माझ्या आईनं घरी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. आणि त्या दिवशी सकाळीच मी ऑफिसबाहेर रजिस्टर घेऊन उभी असताना डिमेलो सिस्टर आत मेट्रनबाईंना सांगत होत्या की यंदा ढाल गावडेला द्यावी असं त्यांच्या मनात आहे. कुलथेला सगळं येतं, पण गावडे बघते. हे ऐकून मी रजिस्टर न देताच परत आले. जेवण गेलं नाही.

त्यात कहर म्हणजे यमुनेला रोगशास्त्र शिकवायचं काम डिमेलो सिस्टरांनी माझ्याच गळ्यात मारलं होतं. मी शिकवायचे, नाही असं नाही. पण शॉकचा, म्हणजे रक्त जाऊन बीपी कोसळतं त्याचा, धडा तिला अजून दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धड्याची चाचणी होती. ती चार दिवस वही मागत होती आणि मी आज देते, उद्या देते करत होते. वही माझ्या ट्रंकेत कुलपात होती.

तर अशी मी, त्या पोरीच्या गार पायावर हात ठेवून उभी.

मला कळलं होतं. हात लावल्याबरोबर कळलं. पोटात कुठंतरी रक्त वाहत असलं की शरीर लगेच बोंब मारत नाही. आधी हातापायांच्या शिरा आवळून घेतं आणि तिथलं रक्त काळजाकडे, मेंदूकडे वळवतं, म्हणून पाय गार पडतात. हृदय जोरात पळायला लागतं, म्हणून नाडी वाढते. तहान लागते, जीव घाबरा होतो. आणि एवढं सगळं करून बीपी मात्र आहे तसं राखलं जातं. डिमेलो सिस्टरांनी वर्गात सांगितलं होतं, घरातलं पीठ संपत आलं तरी पाहुण्याच्या ताटात पोळी पडत राहते, कारण घरची बाई स्वतः उपाशी राहते. आणि मग एकदम डबा रिकामा. बीपी पडलं की समजायचं, डबा रिकामा झाला. तोवर थांबायचं नसतं.

यमुना माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही गं," मी म्हणाले. "टाके दुखताहेत तिचे. दुखलं की नाडी वाढतेच."

"आणि पाय?"

"सलाईन गार असतं. बीपी चांगलं आहे ना? मग झालं तर."

तिनं एकदा भागीरथीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तू म्हणतीस तर तसंच असंल," म्हणाली. मी तिला सांगितलं, ड्रेसिंगचं गॉज संपलंय, तू जाऊन कापायला बस, सात नंबरकडे मी बघते. ती कात्री घेऊन गेली.

आता तुम्ही म्हणाल, बाई राक्षसीण होती. पण ती पोर मरावी असं माझ्या मनात स्वप्नातही नव्हतं, उलट तिला वाचवायचं होतं आणि ते मीच वाचवायचं होतं. रोज चारला डिमेलो सिस्टर राउंडला यायच्या. माझा बेत असा की तीन, साडेतीन आणि चार, अशी तीन रीडिंग घ्यायची, नाडी चढतेय आणि बीपी जागेवर आहे हे कागदावर आलेखात काढायचं आणि सगळ्यांसमोर सिस्टरांच्या हातात ठेवायचं. एका रीडिंगवर कोण विश्वास ठेवणार? तीन झाली की पुस्तकातल्यासारखं दिसेल. मग त्यांना कळेल, बघणारी कोण आहे ते. तासाभरात काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. खोटं कशाला बोलू, मी पट्टी घेऊन रेघा मारल्या.

साडेतीनला नाडी एकशे अठरा. बीपी एकशे सहा-ऐंशी. दोन्ही आकड्यांतलं अंतर कमी होत चाललं होतं, तेही पुस्तकात होतं. मी दुसरा ठिपका दिला. तेवढ्यात भागीरथीनं माझं मनगट धरलं. तळहात ओला आणि गार.

"ताई, मला कसंतरीच हुतंय. पाणी द्या की वाईच."

सिझरनंतर पाणी देत नाहीत. मी कापूस भिजवून ओठांवरून फिरवला आणि बरं वाटेल म्हणाले. तिची आई उशाशी बसली होती, मांडीवर नात. तिनं मला हात जोडले. काय म्हणून जोडले कोण जाणे.

मोकाशी सिस्टर पंधरा पावलांवर टेबलाशी बसल्या होत्या. मी तिकडे बघितलं. सांगितलं तर त्या फोन करणार, डॉक्टर येणार, सगळं अर्ध्या तासात उरकणार आणि डिमेलो सिस्टर येतील तेव्हा खाट रिकामी असणार. शिवाय चार्टवर तीनची नाडी यमुनेच्या अक्षरात होती. मोकाशी सिस्टर म्हणणार, गावडेनं ओळखलं. पुन्हा गावडेच. मी दुसऱ्या खाटेकडे वळले.

चारला दहा मिनिटं कमी असताना म्हातारीचा आवाज आला. "अवो बाई, पोर बोलंना झालीया."

मी धावले. ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे. बीपीचा पट्टा बांधला, पारा खाली खाली येत गेला आणि ठोका ऐकू आला तो साठला. मग काय, धावपळ. मी ओरडले, मोकाशी सिस्टर आल्या, पायाकडची बाजू उचलली, दुसरी सलाईन लावायला शीर सापडेना. शीर यमुनेनं शोधली, गुडघ्यावर बसून, दोन बोटांनी चाचपत. डॉक्टर आले, पोट बघितलं आणि थिएटर उघडा म्हणाले. ट्रॉली नेताना म्हातारीच्या मांडीवरची बाळी रडायला लागली आणि तिला कुणी घ्यायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी यमुनेनं घेतलं. मी पट्टीनं रेघा मारलेला कागद एप्रनच्या खिशात कोंबला.

पोट पुन्हा उघडलं. आत एक टाका सुटला होता, रक्त साठलं होतं, आणि एव्हाना इतकं गेलं होतं की ते गोठायचंही विसरलं होतं. सहाच्या सुमाराला कळलं, पोर जगली. गर्भाची पिशवी काढावी लागली. डॉक्टर बाहेर आले ते हातमोजे काढता काढता म्हणाले, तासभर आधी मिळाली असती तर पिशवी वाचली असती. म्हातारीला तेवढंच समजलं. "म्हंजी आता दुसरं न्हाई?" तिनं विचारलं. डॉक्टर आत निघून गेले, मग तिनं तेच मला विचारलं. मी मान हलवली.

डिमेलो सिस्टरांनी चार्ट मागवला. आम्ही दोघी त्यांच्यासमोर उभ्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि यमुनेच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"तीनला एकशे चार. हे तू लिहिलंस?"

"व्हय, सिस्टर."

"कुणाला सांगितलंस?"

यमुनेनं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे. माझ्या मनात काय होतं सांगू? आता ही सांगणार, आणि सांगितलं तर मी काय म्हणायचं त्याची वाक्यं मी जुळवत होते. मला वाटलं टाके दुखताहेत. मी तर विद्यार्थिनी. लीडर झाले म्हणून काय डॉक्टर झाले का? सगळी वाक्यं तयार होती.

"कुणाला न्हाई, सिस्टर," यमुना म्हणाली.

डिमेलो सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती गं," आणि चार्ट मिटला. तिच्या घरी पत्र जाणार, पुन्हा अशी चूक झाली तर नाव कमी करणार, असं मोकाशी सिस्टरांनी तिथल्या तिथं ऐकवलं. ढालीचं कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच उरली नव्हती. आणि लाज वाटते सांगायला, त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं.

हॉस्टेलकडे येताना वाटेत मी तिला विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस. ती पुढेही कुणाला सांगणार नाही ना, याची खात्री करायला विचारलं की खरंच विचारलं, आज मलाही सांगता येणार नाही.

"अगं, तुला तरी काय म्हाईत," ती म्हणाली. "तुझ्या बी ध्यानात आलं न्हाई, माझ्या बी न्हाई. दोघींनी बोलणी कशाला खायची? मला सवय हाय." मग थोडं चालून म्हणाली, "वही देतीस न्हवं? उद्या चाचणी हाय."

मी म्हणाले, सापडत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. डिमेलो सिस्टरांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. सिझरनंतर पोटात रक्तस्राव होत असेल तर बीपी कोसळण्याआधी काय काय दिसेल, आणि का? खडू ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

यमुना माझ्या पुढच्याच बाकावर होती. प्रश्न वाचून तिनं टोपी सारखी केली आणि लिहायला लागली, हळूहळू, जे बघितलं होतं तेच लिहीत असणार. मी पेन धरून बसले. चुकीचं लिहावं, कोरा द्यावा, पोटात दुखतंय म्हणून उठून जावं, हे सगळं सुचलं मला. कोरा दिला असता तर यमुनेनं आयुष्यभर मला तिच्यासारखीच एक चुकलेली पोर समजलं असतं. पण माझ्यासमोर प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर येत होतं. अक्षर तेच मोत्यासारखं. खाली पट्टीनं आलेख काढला. नाडीची रेघ चढती, बीपीची सपाट आणि शेवटी एकदम खाली. पूर्ण सुटलेलं गणित पुसायला माझा हात कधी उचललाच नाही.

सिस्टर पेपर तिथंच तपासत. त्यांनी माझा हातात घेतला आणि म्हणाल्या, सगळ्यांनी नीट ऐका, कालचा प्रसंग पुन्हा होता कामा नये. आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचला. पाय गार पडतात, का ते. तहान लागते, का ते. रुग्ण अस्वस्थ होतो, मान एका जागी ठेवत नाही. हे पुस्तकात नव्हतं, हे माझ्या पेनातून आपोआप उतरलं होतं. नाडी वाढते. "अशा वेळी बीपी चांगलं आहे म्हणून कधीही थांबू नये," सिस्टरांनी वाचलं. "बीपी सर्वांत शेवटी पडतं."

यमुनेची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ती वळली नाही. तिची वेणी, एप्रनची गाठ, मानेवर घामाचे थेंब, सगळं जागच्या जागी. फक्त तिनं बाकावरचं पेन उचललं आणि टोपण लावून टाकलं.

"दहापैकी दहा," सिस्टर म्हणाल्या. मग यमुनेकडे वळल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, उलट समजूत घालणारा होता. "यमुना, उभी राहा. ऐकलंस ना? एवढं सगळं ठाऊक असलेली मुलगी काल तुझ्याच वॉर्डात होती. तुला संशय आला होता तर जाऊन तिला विचारायचं नाहीस?"

मी बाकाची कड धरली होती. आता मात्र ती सांगेल, याची मला खात्री होती, आणि खरं सांगते, सांगावं असंही वाटायला लागलं होतं.

यमुनेनं फळ्यावरचा प्रश्न पुन्हा एकदा वाचला.

"चुकलं, सिस्टर," ती म्हणाली. "विचारायला पायजे हुतं."

आणि बसली.

ढाल मला मिळाली. आईनं खिळ्यावर लावली आणि आई वारल्यावर मी ती काढून माळ्यावर टाकली, खिळा तेवढा राहिला. भागीरथी बारा दिवसांनी घरी गेली. जाताना तिची आई सगळ्या सिस्टरांच्या पाया पडली, माझ्याही. मी पुढे पस्तीस वर्षं नोकरी केली. त्यातली वीस वर्षं पोरींना हेच रोगशास्त्र शिकवलं, आणि चांगली शिकवायचे असं पोरी म्हणतात. यमुनेनं मला कधी काही विचारलं नाही. भांडली नाही, कुणाला सांगितलं नाही.

पण मोकाशी सिस्टरांचा फतवा कायम होता. त्यामुळे आमचं शिक्षण संपेपर्यंत, आमच्या ड्यूट्या एकत्र लागल्या की रोज यमुनेला माझ्याकडे यावं लागायचं. ती यायची. चार्ट पुढे धरायची. "लीडर, सही," म्हणायची. शैले म्हणणं त्या सकाळपासून बंद झालं आणि मला दाखवल्याची सही मागणं सुरू झालं. पेशंटचं काय वाटतंय ते नीट सांगायची, मी काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मान हलवायची. मग सही घेऊन माझ्यादेखत मोकाशी सिस्टरांच्या टेबलाशी जायची, लीडरनं न सांगता आलीस म्हणून बोलणी खायची, आणि तोच पेशंट पुन्हा पहिल्यापासून सांगायची.